पगार कोटीत, पण मुक्काम कुठे? बर्फावरच्या हॉकीपटूची नोकरी

मुलाला गंगापूर रोडच्या बाजूला स्केटिंगच्या वर्गाला सोडायचं तर सहाच्या ठोक्याला घर सोडावं लागतं. डिसेंबरात ही शिक्षाच. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि आम्ही बापलेक कानटोप्या शोधत असतो. चहा उकळेपर्यंत मी मोबाईलवर आइस हॉकी लावतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे बरोब्बर पहाटे साडेपाचला लागतो.

परवा बुटाची नाडी बांधता बांधता मुलगा म्हणाला, “बाबा, हा मागच्या आठवड्यात निळ्या जर्सीत होता ना? आज लाल कशी?”

“त्याची अदलाबदल झाली. दुसऱ्या संघात पाठवला.”

“त्याला विचारलं नाही?”

नाही विचारलं. विचारावं लागतच नाही. एवढं एक वाक्य नीट समजावून सांगायचं तर या खेळातली अख्खी नोकरी उलगडावी लागते. गाडीत दहा मिनिटांत ते जमलं नाही, म्हणून हा लेख.

## आधी खेळ, थोडक्यात

एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर, त्यातला एक गोलरक्षक. चेंडूऐवजी पक नावाची कडक रबराची चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण १६० ग्रॅम. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव.

टीव्हीवर पहिल्यांदा बघणाऱ्याला एक गोष्ट चक्रावून टाकते. खेळाडू सतत कठड्यावरून उड्या मारून आतबाहेर करतात, खेळ न थांबता. कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची असते, का, ते चढाईपटूच्या छातीला विचारा. इथली एक पाळी साधारण ४५ सेकंदांची. तेवढ्यात जीव खाऊन धावायचं, धडकायचं आणि बाहेर येऊन बाकावर धापा टाकायच्या. एका सामन्यात अशा वीस-पंचवीस पाळ्या.

## जागा ७३६

जगातली सर्वात मोठी आणि श्रीमंत स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. ३२ संघ, त्यांतले सात कॅनडात आणि बाकी अमेरिकेत. एका संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू, त्यांतले २० प्रत्यक्ष सामन्याला उतरतात. ३२ गुणिले २३ म्हणजे ७३६.

एकट्या कॅनडात नोंदणीकृत हॉकी खेळणाऱ्यांचा आकडा पाच लाखांच्या वर आहे. शिवाय अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेक प्रजासत्ताक. आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत बसलेल्या पोरांना हे गणित कुणी शिकवायला नको. फरक एकच. परीक्षा पास झाली की ती जागा निवृत्तीपर्यंत तुमची. इथे जागा रोज नव्याने कमवायची.

## सोळाव्या वर्षी घर सुटतं

कॅनडात गुणी पोरगा साधारण सोळाव्या वर्षी ज्युनियर लीगमध्ये जातो. संघ बहुतेक वेळा दुसऱ्या गावात. मग पोरगं तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतं. ते कुटुंब त्याला खोली देतं, जेवू घालतं, शाळेची वेळ सांभाळतं. अशा घराला बिलेट म्हणतात. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी गावात वार लावून जेवायचे, त्याचीच ही आवृत्ती. फक्त इथे सातही वार एकाच घरी.

बस हा त्या पोरांचा दुसरा मुक्काम. पश्चिम कॅनडातल्या लीगमध्ये दहा-बारा तासांचे प्रवास नित्याचे. आधी अशा लीगमध्ये खेळलेल्यांना अमेरिकन कॉलेज हॉकीचा पहिल्या दर्जाचा दरवाजा बंद असायचा, का तर ज्युनियर लीगमधल्या तुटपुंज्या भत्त्यामुळे त्यांना व्यावसायिक समजलं जाई. २०२५ च्या ऑगस्टपासून तो नियम गेला. म्हणजे आता शिक्षण की खेळ हा निर्णय पंधराव्या-सोळाव्या वर्षी कायमचा करावा लागत नाही. माझ्या मते या खेळात गेल्या काही वर्षांत झालेली ही सर्वात शहाणी गोष्ट.

## ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे

आपण आयपीएलवाले, त्यामुळे खेळाडू निवडायचा म्हटलं की हातोडा आठवतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. अठरा वर्षांच्या आसपासच्या पोरांमधून संघ आळीपाळीने नावं उचलतात. सात फेऱ्या, प्रत्येकी ३२ नावं. गेल्या मोसमात जे तळाला होते, त्यांचा नंबर आधी. अगदी पहिला क्रमांक मिळावा म्हणून कुणी मुद्दाम हरू नये यासाठी तिथे चिठ्ठ्यांचा घोळ घातलेला आहे, तो सोडून देऊ.

नाव उचललं म्हणजे नोकरी लागली का? अजिबात नाही. संघाला फक्त हक्क मिळतो की हा पोरगा या लीगमध्ये खेळला तर आमच्याकडेच. निफाड तालुक्यातल्या जुन्या ऊस उत्पादकांना झोनबंदी आठवत असेल. तुमचा ऊस तुमच्या हद्दीतल्या कारखान्यालाच. शेजारचा कारखाना टनामागे चार पैसे जास्त देत असला तरी त्याच्या काट्यावर गाडी न्यायची नाही. ड्राफ्ट म्हणजे माणसांची झोनबंदी.

अठराव्या वर्षी केलेला अंदाज किती चुकतो, याचे नमुने भरपूर. पावेल दात्स्युक १९९८ मध्ये १७१ वा उचलला गेला, हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० वा. दोघं डेट्रॉइट संघाचे आधारस्तंभ झाले. बुटका म्हणून मार्टिन सेंट लुईला तर कुणी उचललंच नाही. २००४ मध्ये तो लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. बारावीच्या निकालावरून पोराचं भविष्य सांगणारे काका तिकडेही आहेत, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो.

## एक करार, दोन पगार

पहिला करार बहुतेकांचा तीन वर्षांचा, आणि रकमेला वरून झाकण. २०२५ मध्ये ड्राफ्ट झालेल्या पोराला मूळ पगार वर्षाला जास्तीत जास्त ९,७५,००० डॉलर. बातमीत हाच आकडा येतो. बारीक अक्षरातलं कलम येत नाही.

प्रत्येक एनएचएल संघाचा खालच्या पायरीवर एक संघ असतो, अमेरिकन हॉकी लीगमध्ये. नवा पोरगा बहुतेक वेळा तिथे पाठवला जातो. आणि त्याच्या करारात दोन पगार लिहिलेले असतात. वर असाल तर वरचा, खाली असाल तर सुमारे ८०-८५ हजार डॉलर. हिशेब दिवसावर होतो. मंगळवारी वर, बुधवारी खाली, तर मंगळवारची रोजंदारी वेगळी आणि बुधवारची वेगळी.

पंजाबी वंशाचा अर्शदीप बेन्स हे चांगलं उदाहरण. कॅनडातल्या सरी शहरातला. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी उचललं नव्हतं. २०२१-२२ मध्ये ज्युनियर लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले, तेव्हा व्हँकूव्हरने करार दिला. व्हँकूव्हरचा खालचा संघ अ‍ॅबट्सफर्डमध्ये आहे, सुमारे ७० किलोमीटरवर, म्हणजे नाशिक ते संगमनेर. बेन्सचं गाव या दोन शहरांच्या मध्ये. २०२४ च्या फेब्रुवारीत तो पहिल्यांदा वरच्या संघातून खेळला आणि त्यानंतर या ७० किलोमीटरच्या फेऱ्या त्याला चुकल्या नाहीत. त्याचं नशीब चांगलं म्हणायचं. कित्येकांचा खालचा संघ विमानाच्या अंतरावर असतो.

काही वर्षं मुरलेल्या खेळाडूला खाली पाठवताना आणखी एक पायरी लागते, तिला वेव्हर म्हणतात. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहाराआधी पेपरात जाहीर नोटीस येते ना, ‘कोणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावे’, तशीच. चोवीस तास उरलेल्या ३१ संघांना मोकळीक. कुणाला तो हवा असेल तर आहे त्या करारासकट फुकट घेऊन जायचा. दोघांनी हात वर केले तर गुणतक्त्यात जो खाली त्याचा. कुणीच हात वर केला नाही तर गडी निमूट खाली. त्या चोवीस तासांत खेळाडूच्या घरात काय चालत असेल? बायको विचारते, सामान बांधू का? तो म्हणतो, थांब, कुठलं बांधायचं ते उद्या दुपारी कळेल. उन्हाळी की लोकरी!

## मग मुलाचा प्रश्न: विचारलं का नाही?

कारण करार खेळाडू आणि एका शहराचा नसतो. करार कागदाचा असतो, आणि संघ तो कागद दुसऱ्या संघाला देऊ शकतो. त्यालाच ट्रेड म्हणतात. बदल्यात दुसरा खेळाडू येतो, किंवा पुढच्या ड्राफ्टमधला एखादा नंबर. म्हणजे घरदार असलेल्या तिशीच्या माणसाच्या बदल्यात अजून शाळेत असलेलं, कोण हेही ठाऊक नसलेलं पोर.

आपल्याकडे शिक्षकांच्या, तलाठ्यांच्या बदल्या होतात. आदेश निघतो, रुजू व्हायला दिवस मिळतात, पुढाऱ्याकडे खेटे घालता येतात. इथे दुपारी फोन येतो आणि संध्याकाळी विमान. कधी कधी सीमा ओलांडून, चलन बदलून. बायकामुलं मागाहून, शाळेचं वर्ष संपल्यावर.

सर्वात गाजलेली अदलाबदल ९ ऑगस्ट १९८८ ची. वेन ग्रेट्स्की म्हणजे त्या खेळातला सचिन. कॅनडातल्या एडमंटन संघाला चौथं विजेतेपद मिळवून दिल्याला तीन महिने झाले नव्हते, लग्नाला महिनाही नव्हता. मालकाला रोकड हवी होती. दीड कोटी डॉलर, काही खेळाडू आणि ड्राफ्टचे तीन नंबर यांच्या बदल्यात ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला गेला. पत्रकार परिषदेत तो रडला. नेल्सन रीस नावाच्या खासदाराने तर सरकारने हा व्यवहार अडवावा अशी मागणी केली. सरकारने काही अडवलं नाही.

नकाराचा हक्क अजिबात नसतो असं नाही. वयाची २७ वर्षं किंवा लीगमधले सात मोसम पूर्ण झाले की खेळाडू करार संपल्यावर मोकळा होतो, कुठेही जाऊ शकतो. त्या टप्प्यावर नवा करार करताना ‘मला विचारल्याशिवाय हलवायचं नाही’ असं कलम घालून घेता येतं. अनेक जण त्यासाठी पगार कमी घेतात. मला हे फार बोलकं वाटतं. पैसे मोजून ते स्वतःचा पत्ता विकत घेतात.

## पण कोटींत मिळतात, मग रडायचं कशाला?

हा आक्षेप माझ्या मेहुण्याचा. तो अंबडच्या कारखान्यात आहे, त्यामुळे त्याला उडवून लावता येत नाही.

२०२५-२६ मध्ये एनएचएलमधला किमान पगार ७,७५,००० डॉलर होता. डॉलर ८५ रुपये धरला तरी साडेसहा कोटींच्या वर. मेहुण्याचं बरोबर आहे. आता पुढचा हिशेब.

संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा आहे, तिला कॅप म्हणतात. ती आणण्यासाठी मालकांनी २००४-०५ चा संपूर्ण मोसम बंद ठेवला. १२३० सामने झालेच नाहीत. सातपूर-अंबडच्या माणसाला टाळेबंदी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, मेहुणा इथे थोडा गप्प झाला. पहिल्या वर्षी कॅप ३.९ कोटी डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ती ९.५५ कोटी होती.

आता घरखर्चासारखं बघा. २३ जणांत वाटले तर डोई सरासरी ४१ लाख डॉलर. पण एडमंटनसारख्या संघात लिऑन ड्राइसाइटल एकटाच १.४ कोटी घेतो. अशी दोन-तीन मोठी नावं ठेवली की बाकीच्यांसाठी चणचण. मग संघ काय करतो? तीस-बत्तीस वर्षांचा, नेमाने काम करणारा, २५ लाख मागणारा खेळाडू सोडतो आणि त्याच्या जागी दहा लाखांच्या आतला नवा पोरगा घेतो. पोरगा त्याच्याहून सरस असायलाच हवा असं नाही. स्वस्त असला की झालं. या नोकरीतला सर्वात कडू भाग मला हाच दिसतो. मैदानावर कुणी हरवलं नाही, वहीत हरला.

शिवाय ठरलेला पगार पूर्ण हातात पडतोच असंही नाही. लीगचं उत्पन्न मालक आणि खेळाडू निम्मं-निम्मं वाटून घेतात. पण उत्पन्न कळतं मोसम संपल्यावर आणि पगार सुरू होतो ऑक्टोबरात. म्हणून दर पगारातून काही टक्के कापून वेगळे ठेवतात. उत्पन्न कमी भरलं तर ती अनामत मालकांकडे जाते. द्राक्षवाल्यांना हे पाठ आहे. भाव बांधावर ठरतो आणि पैसे देताना व्यापारी म्हणतो, ‘दादा, माल दबला.’ कोविडच्या २०२०-२१ मोसमात २० टक्के कपात होती, वर आणखी १० टक्के पगार पुढे ढकललेला.

त्यातून कर. कॅनडातल्या ओंटारिओ किंवा क्युबेक प्रांतात वरच्या उत्पन्नावर तो ५३ टक्क्यांच्या आसपास जातो. अमेरिकेत तर ज्या राज्यात सामना खेळलात त्यातली बरीच राज्यं त्या दिवसाच्या कमाईवर कर मागतात. मग एजंट. एवढं होऊनही हातात उरतं ते आपल्या दृष्टीने प्रचंडच. फक्त ते आयुष्यभराचं नसतं, चार-पाच वर्षांत मिळून संपणारं असतं. आणि ते संपतं तेव्हा मेहुण्याला अजून बढती मिळायची असते.

## शरीराची भाड्याची गाडी

एनएचएलच्या कौशल्य स्पर्धेतल्या सर्वात जोरदार फटक्याचा विक्रम झ्देनो चाराच्या नावावर, २०१२ चा, ताशी १७५ किलोमीटर. रोजच्या सामन्यात एवढा वेग नसला तरी तशा चकतीसमोर अंग घालणं हे अनेकांच्या नोकरीचं मुख्य काम. गोल करणारे थोडे, अडवणारे फार.

२०१३ च्या अंतिम फेरीत बॉस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन मोडलेली बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन खेळला. नंतर कळलं, फुप्फुसालाही भोक पडलं होतं. तिकडे याचं कौतुक होतं. मला कौतुक करता येत नाही. जागा गेली तर परत मिळणार नाही ही भीती त्या शौर्यात किती आणि जिद्द किती, हे सांगणं कठीण.

मारामारीचा प्रश्न हमखास येतो: तिथे ठोसेबाजी चालते का? नियमाने गुन्हा आहे, पण शिक्षा पाच मिनिटं बाहेर बसण्याची. एकेकाळी संघ फक्त त्यासाठी माणसं ठेवत. डेरेक बुगार्ड त्यांतला एक. २०११ मध्ये २८ व्या वर्षी दारू आणि वेदनाशामक गोळ्यांनी तो गेला. डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार त्याला जडला होता, हे मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसलं. आता तशी माणसं जवळपास राहिलेली नाहीत. शहाणपण आलं हे खरं. पण वेगवान खेळात त्यांच्यासाठी संघातली जागा अडवून ठेवणं परवडेनासं झालं, हेही तितकंच खरं.

सुरक्षेचं प्रत्येक पाऊल उशिरा आलं. नव्या खेळाडूंना हेल्मेटची सक्ती १९७९ मध्ये, आणि आधीपासूनच्यांना सूट. बिनहेल्मेटचा शेवटचा खेळाडू क्रेग मॅकटॅविश १९९७ पर्यंत खेळत होता. नाशिककरांनी मात्र यावर फार बोलू नये. कॉलेज रोडवर हेल्मेट कोपरात अडकवून जाणारे आपणच.

## संपतं कसं?

निवृत्तीची पत्रकार परिषद ही चैन थोड्यांची. बाकीच्यांचा फोन उन्हाळ्यात वाजत नाही, एवढंच. मग स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या लीग. पगार कमी, सामने कमी, पण वर्षभर एका गावात राहता येतं. अनेक जण सांगतात की मुलांना शाळेत सोडायला ते पहिल्यांदा तिथे गेले.

अपवाद आहेतच. गॉर्डी हाव १९८० मध्ये ५२ व्या वर्षी एनएचएलमध्ये खेळत होता. यारोमिर यागर पन्नाशी उलटल्यावरही आपल्या गावच्या, क्लाद्नोच्या संघातून बर्फावर उतरला. संघाचा मालकही तोच होता, त्यामुळे त्याला काढणार कोण!

आणि एक उलटी गोष्ट. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरांटोमध्ये पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले. नियमानुसार यजमानांनी तयार ठेवलेला हौशी गोलरक्षक बोलावला. डेव्हिड एयर्स, वय ४२, पूर्वी आईच्या मूत्रपिंडाचं रोपण झालेला, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवणारा. पहिले दोन फटके आत गेले, पुढचे आठही त्याने अडवले. कॅरोलायना ६-३ ने जिंकली. त्याची एनएचएल कारकीर्द अर्ध्या तासाच्या आतली. कुठल्याही ट्रेडशिवाय, वेव्हरशिवाय.

## आपल्या पोरांना यात काही आहे का?

कारकीर्द म्हणून? खरं सांगायचं तर आज नाही. भारतात हा खेळ प्रामुख्याने लडाखमध्ये आणि थोडा हिमाचलात. तिथे नैसर्गिक बर्फ डिसेंबर अखेरपासून जेमतेम दोन महिने टिकतो. तेवढ्या तयारीवर भारतीय मुलींनी २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक आणलं. आपल्याकडे त्याची बातमी कांद्याच्या भावाखाली चार ओळींत आली असेल, आली असली तर.

नाशिकला थंडी असली तरी बर्फ नाही. यंत्र काही अवघड नाही. काँक्रीटच्या थरात नळ्या घालून त्यांतून शून्याच्या खालचं द्रावण फिरवायचं आणि वर इंचभर बर्फ. पिंपळगाव-दिंडोरीच्या शीतगृहांत गार हवा करणारी माणसं हे काम डोळे झाकून करतील. अवघड आहे ते वीजबिल, तेही मे महिन्यातलं.

पण चाकांवरूनही वाट आहे. रोलर हॉकी आणि इनलाइन हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धा आपल्याकडे होतात. आणि ‘जो मलन’ नावाचा खेळाडू न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीत, डांबरी रस्त्यावर, चाकांचे स्केट घालून हा खेळ शिकला. वडील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कामाला, तिथल्या मोडक्या स्टिका घरी आणायचे. पक नव्हती म्हणून पोरं वायरमनच्या चिकटपट्टीचं रीळ वापरायची. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी उचललं नाही. एनएचएलमध्ये ५०० गोल करणारा तो पहिला अमेरिकन.

मुलाला अदलाबदल, कॅप, अनामत सगळं सांगून झालं. त्याने ते मान डोलावत ऐकलं. काल संध्याकाळी मीटरचा फ्यूज गेला, तेव्हा अवजारांच्या डब्यात काळी चिकटपट्टी सापडेना. खाली पार्किंगमधून खडखडाट ऐकू येत होता.